पश्चिमेची भिंत

मे महिन्याच्या उत्तरार्धात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत दोन कामं एकाच वेळी चालतात. दर्शनी बाजूला उरल्यासुरल्या पर्यटकांना जाम, चणे आणि चपला विकणं. आणि बाजूच्या भिंतीला शिडी टेकवून तिच्यावर प्लॅस्टिकचा निळा नाहीतर काळा कागद ठोकणं. जूनचा पहिला आठवडा सरेपर्यंत कित्येक घरांच्या पश्चिमेच्या भिंती दिसेनाशा होतात. पाहुण्याला हे बेंगरूळ वाटतं. एवढी टुमदार घरं, आणि त्यांच्यावर हे काय गुंडाळलंय, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर असतो. पण हा पाहुणा जुलैत तिथं नसतो.

छप्पर असतं ते डोक्यावरच्या पावसासाठी. घाटमाथ्यावर पाऊस डोक्यावर पडेलच असं नाही, तो समोरून येतो. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला थडकतो, वर चढतो, चढताना थंड होतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत त्याच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं. हे पाणी वाऱ्याबरोबर जवळजवळ आडवं धावतं. महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. २०२१च्या जुलैत एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर कोसळला. मराठवाड्यातल्या काही तालुक्यांना वर्षभरात मिळतो जेमतेम तेवढा. महाबळेश्वरहून पूर्वेला वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि घाट उतरून वाईला गेलं की आणखी निम्म्यावर. म्हणजे भिंतीवर कागद ठोकण्याची ही निकड एका अरुंद पट्ट्यापुरतीच आहे: माथेरान, लोणावळा-खंडाळा, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेचं खोरं, खाली आंबोली. पण त्या पट्ट्यात ती फार जुनी आहे.

मराठी घराबद्दल लिहिणारे वाड्याच्या चौकाबद्दल लिहितात, सुरूच्या खांबांबद्दल, तुळयांवरच्या कोरीवकामाबद्दल लिहितात. चार महिने भिंतीवर बांधायची आणि नंतर सोडून उकिरड्यावर टाकायची वस्तू इतिहासात शिरणार कशी? ती उरतच नाही. तिचा माग काढायचा तर तिच्या जागी पुढे जे जे आलं त्याच्यावरूनच काढावा लागतो.

आजच्या प्लॅस्टिकच्या जागी पूर्वी गवत होतं. काही घरांवर, काही हॉटेलांवर ते अजूनही दिसतं. डोंगरउतारावरचं पुरुषभर वाढणारं, जाड काडीचं गवत हिवाळ्यात कापून, वाळवून, पेंढ्या बांधून ठेवायचं. वैशाखात बांबूच्या चिरफळ्यांमध्ये ते दाबून त्याचे तट्टे करायचे आणि ते भिंतीसमोर उभे करून बांधायचे. काडीचं टोक खाली. पाऊस काडीवर आपटतो, त्याचा जोर तिथंच मोडतो, थेंब काडीकाडीनं ओघळत खाली जातो. या आडोशाला झडी म्हणतात. कोकणात उतरलं की हेच काम माडाच्या विणलेल्या झावळ्या करतात. पडवीच्या उघड्या बाजूला त्या बांधल्या की ओटीवर बसून झड पाहता येते, अंगावर घ्यावी लागत नाही.

या तट्ट्यांमध्ये दोन गुण होते आणि ते दोन्ही बांधणाऱ्यांनी मुद्दाम मिरवले नाहीत. तट्टा भिंतीला चिकटत नसे. बांबू आणि पेंढ्या यांच्या जाडीमुळे मागे बोटभर ते वीतभर पोकळी राहायचीच. जे थोडं पाणी गवतातून आत घुसे ते त्या पोकळीतून खाली निथळे आणि जो वारा त्या पोकळीत खेळे तो भिंतीला कोरडं करायचा थोडा तरी प्रयत्न करी. आणि दसऱ्याच्या सुमारास तट्टा निघे. सडलेलं गवत शेणाच्या उकिरड्यात किंवा भाताच्या रोपांसाठी भाजायच्या राबात जाई. भिंत ऑक्टोबरच्या उन्हाला उघडी पडे आणि दिवाळीपर्यंत खडखडीत वाळे. चुना लावायचा तो त्यानंतर. दिवाळीच्या तोंडावर घर रंगवण्याच्या रिवाजामागे सणाची हौस आहेच, पण ओल गेलेल्या भिंतीलाच चुना धरतो हा व्यवहारही आहे.

मुळात झडीमागची भिंत कशाची होती हेही पाहायला हवं. सह्याद्रीतल्या साध्या घरात ती कारवीची असे. सात वर्षांतून एकदा फुलणारी ही झुडपं फुलून गेल्यावर वाळतात. त्यांच्या सरळ काठ्या गोळा करून विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाचा लेप द्यायचा, की झाला कूड. जेमतेम दोन-तीन बोटं जाडीची भिंत. ती भिजायची, नाही असं नाही. पण मातीचा लेप हवेतली ओल शोषतो आणि हवा कोरडी झाली की परत देतो. पातळ असल्यामुळे कूड दोन दिवसांच्या उघडिपीतही सुकतो. जिथं लेप गळला तिथं घरातल्या बाईनं ओंजळभर शेणमाती लिंपली की काम झालं. वळचण पश्चिमेला इतकी खाली उतरवलेली असे की त्या बाजूनं जाताना कंबरेत वाकावं लागे, दार पूर्वेला, आणि पश्चिमेला खिडकी असलीच तर तावदानाएवढी. शहरातून गेलेल्या लोकांनी अशा घरांना अंधारी म्हणून नावं ठेवली आहेत. खरी आहेत ती नावं. फक्त उजेड आणि झड एकाच दिशेनं येत होती, त्यामुळे निवड करावी लागत होती.

घरातली दुसरी तजवीज चुलीची. सबंध पावसाळाभर चूल पूर्ण विझत नसे. धूर छपरात कोंडे, गवतातून आणि नळ्यांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडे. डोळे चुरचुरत, छाती भरे. बायकांच्या फुप्फुसांनी त्याची जबर किंमत मोजली, तेव्हा त्या धुराचं काव्य करण्यात अर्थ नाही. पण घरापुरतं बोलायचं तर त्या धुरातल्या द्रव्यांमुळे वासे आणि बांबू किडीपासून, बुरशीपासून वाचत. आणि धुरापेक्षा महत्त्वाची होती ऊब. १८ अंश तापमानाची, बाष्पानं पूर्ण भरलेली जुलैतली हवा घरात येऊन पाच-सहा अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांवरून सत्तरीच्या घरात उतरते. पाणी तेवढंच, पण हवेची ते धरून ठेवण्याची ताकद वाढलेली. बुरशीला पृष्ठभागाजवळची हवा ७५-८० टक्क्यांच्या वर बराच काळ लागते. तिच्या बीजाणूंना घराबाहेर ठेवणं कुणालाच शक्य नाही, ते सगळीकडे असतात. ते रुजणार की नाही हे एवढ्या फरकावर ठरतं. म्हणूनच पापड, सुकी मासळी, बियाणं, मिठाचं मडकं, सगळं चुलीच्या आसपास किंवा तिच्या वरच्या माळ्यावर असे. आगोटीची बेगमी भरायची जागा घरातल्या सर्वांत कोरड्या कोपऱ्यात हवी, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

घाटमाथ्यावर कोरडं ठेवण्याच्या बाबतीत धान्यापेक्षाही अवघड वस्तू होती, ती गडांवर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचं प्रकरण आहे आणि त्यात दारूच्या कोठाराबद्दल सूचना आहेत. कोठार वस्तीपासून दूर असावं हे आगीच्या भीतीनं. पण पुढची सूचना ओलीच्या भीतीनं दिलेली आहे: दारू जमिनीलगत ठेवू नये, ती सर्द होते, आणि आठ-पंधरा दिवसांनी सगळा साठा बाहेर काढून त्याला ऊन दाखवावं, मग पुन्हा मोहोर करून ठेवावा. किल्ल्यांच्या लष्करी इतिहासात ही ओळ कुणी फारशी थांबून वाचत नाही. मला ती सगळ्या विषयाची किल्ली वाटते. अमात्य असं म्हणत नाहीत की कोठार इतकं पक्कं बांधा की ओल आतच येणार नाही. ओल येणार हे त्यांनी गृहीत धरलंय. ती बाहेर काढण्याची पाळी ठरवून दिली आहे आणि ते काम हवालदारावर टाकलं आहे.

इंग्रज डोंगरावर आले ते उन्हाळ्यासाठी, त्यामुळे त्यांच्या घरांचा हिशोबच वेगळा होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरची जागा घेतली, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढला. मग बंगले उठले: उंच जोतं, रुंद व्हरांडा, मोठ्या खिडक्या, आणि दरीचं दृश्य दिसावं म्हणून त्या खिडक्या नेमक्या पश्चिमेला. ज्या दिशेकडे गावकऱ्यानं पाठ केली होती तिकडे साहेबानं तोंड केलं. त्याला ते परवडत होतं, कारण जूनच्या मध्यावर तो उठून पुण्याला जाई. मुंबई सरकारचा क्रमच तसा ठरलेला होता: उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. मागे कुलूपबंद बंगला, त्याच्या व्हरांड्यांना बांधलेले गवताचे तट्टे आणि राखणीला एखादा माळी. महाबळेश्वरात बारा महिने राहणं साहेबाला जमणार नाही हे इतकं उघड होतं की वर्षभर राहण्याजोगी जागा शोधताना जॉन चेसन यांना पाचगणी सापडली, आणि पुढे शाळा निघाल्या त्या पाचगणीत. पावसाळ्यात ज्यांना कुठे जायचं नव्हतं ते बाजारपेठेतले वाणी, भाजीवाले, धनगर, कुणबी आणि पूर्वी लोखंड गाळणारे धावड वरच राहिले. साहेबाच्या बंगल्याचे तट्टे बांधायलाही तेच होते.

डोंगरावरचं आजचं ‘सेकंड होम’ या बंगल्याचं थेट वारस आहे. तीच दरीकडे तोंड केलेली काच, तेच पावसाळ्यातलं कुलूप. तेवढे तट्टे मात्र वारशात आले नाहीत.

छपराचा इतिहास तुलनेनं सरळ आहे, तो झटकन उरकतो. गवतानंतर कुंभारानं चाकावर वळलेले अर्धगोल नळे. ते दरवर्षी सरकत, फुटत, म्हणून वैशाखात घर शाकारणं आलंच. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरला जेप्पू इथं कौलांचा कारखाना घातला. कौलाला खाचा असाव्यात आणि ती एकमेकांत अडकावीत ही कल्पना फ्रान्समधल्या आल्सासच्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ची. मंगलोरी कौल बोटींनी कोकणच्या बंदरांत आलं, तिथून घाट चढलं. खाचेमुळे ते वाऱ्यानं हलेना, शाकारणीचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी दोन कौलांमधल्या बारीक फटींतून घर श्वास घेत राहिलं. माझ्या मते घाटावरच्या घरासाठी याहून चांगलं छप्पर त्यानंतर निघालेलं नाही. त्याला एकच शत्रू असा आहे की ज्याचा विचार ना मिशननं केला होता ना जिलार्दोनींनी. माकडं. माथेरानला विचारा. माकडांच्या टोळीनं एका दुपारी फोडलेली कौलं बदलायची तर ती घोड्यावरून नाहीतर हातगाडीवरून वर आणायची, कारण मोटारींना गावात बंदी. शेवटी माणूस कंटाळून पत्रा घालतो.

पत्र्याची कथा थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तो छपरावरून भिंतीवर उतरला. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडून ताठ करण्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर यांनी लंडनमध्ये घेतलं तेही १८२९ मध्ये, ज्या वर्षी महाबळेश्वरचा करार झाला त्याच वर्षी. लोखंडाला जस्ताचा थर द्यायची सोरेल यांची पद्धत १८३७ची. दोन्ही एकत्र आल्यावर पत्रा जगभरच्या वसाहतींत गेला: हलका, रचून नेता येणारा, शिकाऊ हातालाही ठोकता येणारा. डोंगरावर तो छपराला लागलाच, पण पश्चिमेच्या भिंतीवरही उभा ठोकला जाऊ लागला. ही गवताची झडीच होती, फक्त ती आता उतरत नव्हती. पन्हळीमुळे मागे थोडी पोकळी राहत होती, म्हणून भिंत वाचत होती. छपरात मात्र नवी अडचण आली. रात्री पत्रा झटकन थंड होतो आणि घरातली उबदार दमट हवा त्याला लागली की आतून घाम सुटतो. थेंब अंथरुणावर पडतात, माणूस सकाळी वर चढून भोक शोधतो आणि ते सापडत नाही. बाहेरचं पाणी अडवलं तरी आतलं पाणी आहेच, हे पत्र्यानं पहिल्यांदा ठणकावून सांगितलं. कौलाखाली हे कळत नव्हतं, कारण फटींतून ते पाणी निघून जात होतं.

आतलं पाणी किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. चौघांच्या घरात श्वास, घाम, स्वयंपाक, अंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आणि गॅस. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर संपेपर्यंत त्यातून २२-२३ लिटर पाणी स्वयंपाकघरात सुटलेलं असतं. लाकडाच्या चुलीतूनही वाफ निघतच होती, पण ती धुराबरोबर वर जाई आणि चुलीची आच तासन् तास भिंती तापवत ठेवी. गॅस वीस मिनिटं जळतो आणि बंद होतो. त्यानं डोळे आणि फुप्फुसं वाचवली, हे मोठंच काम झालं. भिंतींची ऊब गेली, ती मात्र कशानं भरून काढायची हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तोवर घर सिमेंटचं झालं होतं आणि सिमेंटचं घर पक्कं अशी सगळ्यांची खात्री होती.

पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना सुरू झाला, तरी डोंगरावरच्या सामान्य घरात ते पोचायला आणखी दोन पिढ्या गेल्या. त्याआधीच्या दगडी आणि जांभ्याच्या भिंती चुन्यात बांधल्या जात. चुन्याचा गिलावा पाणी थोडं आत घेतो आणि वाफ सहज बाहेर सोडतो. चुन्याची सफेदी ताजी असताना इतकी तीव्र अल्कधर्मी असते की तिच्यावर बुरशी जगत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काही काळात तिचा खडू होतो, म्हणून दरवर्षी नवा हात. या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला, त्यावर प्लास्टिक रंग. बाहेरून घर गुळगुळीत झालं. पण सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतात. सोसाट्याचा पाऊस भेगेतून पाणी आत ढकलतो, आणि आत गेलेल्या पाण्याला परत यायला तीच केसाएवढी वाट. रंगाच्या पडद्यामागे ते अडकतं, फुगे येतात, पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. मालक रंगवाल्याला दोष देतो. रंगवाला पुढच्या वेळी आणखी जाड, आणखी ‘वॉटरप्रूफ’ थर देतो. अडकलेलं पाणी तिथंच.

स्लॅबचंही तेच. सपाट छप्पर सहा हजार मिलिमीटरच्या गावात बांधणं ही हौस होती, तिला गरज म्हणणं कठीण आहे. शहरात घर म्हणजे गच्ची, मग गावातही गच्ची. पाणी काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि छताचे तुकडे पडू लागतात. मग डांबर, कोबा, रसायनं, पुन्हा डांबर. आणि दहा-बारा वर्षांनी एक दिवस त्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहतो आणि त्याच्यावर उताराचा पत्रा बसतो. पोलादपूरपासून आंबोलीपर्यंत कुठल्याही रस्त्यानं जा, स्लॅबवर पत्रे घातलेली घरं मोजून दमाल. लाखो रुपयांचं छप्पर बांधून त्याच्यावर दुसरं छप्पर. गंमत अशी की हे दुसरं छप्पर उत्तम काम करतं. पत्रा पाऊस झेलतो, मधल्या उघड्या जागेतून वारा वाहतो, स्लॅब सुकतो. कपडे वाळत घालायची जागा मिळते ती वर.

भिंतीच्या बाबतीतही हेच सूत्र कुणीतरी शास्त्रात मांडलं आहे, पण ते सह्याद्रीत नव्हे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर आडवा पाऊस आणि लाकडी घरं ही जोडी जुनी आहे. तिथल्या इमारत-संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बिर्केलांड यांनी १९६२ मध्ये आणि कॅनडातल्या जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये पावसाच्या शिरकावाचं विवेचन केलं. त्यांचा सांगावा असा: पाणी आत येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात, पाणी, भोक आणि पाण्याला भोकातून ढकलणारा जोर. भोकं सगळीच्या सगळी बुजवणं अशक्य आहे, तेव्हा जोर मोडा. भिंतीसमोर एक पडदा उभा करा, मागे हवेची पोकळी ठेवा, ती बाहेरच्या हवेला उघडी ठेवा म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईल आणि पाणी आत ढकलणारं काही उरणार नाही. जे थोडं येईल ते पोकळीतून निथळेल. आज जगभरच्या काचेच्या आणि धातूच्या उंच इमारतींच्या अंगावर हा पडदा असतो आणि त्याची बिलं थक्क करणारी असतात. जावळीच्या खोऱ्यात गवताचा तट्टा बांधणाऱ्याला दाबाचं गणित ठाऊक नव्हतं. पडदा, पोकळी आणि निचरा एवढं मात्र तो बिनचूक करत होता, आणि वर ऑक्टोबरात पडदा काढून ठेवत होता, जे उंच इमारतीला जमत नाही.

ओलीविरुद्धची दुसरी आधुनिक फळी यंत्रांची. वातानुकूलन यंत्र गारव्यासाठी जन्मलं अशी आपली समजूत असते. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखलं ते दमट हवेत कागद फुगतो आणि रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून. त्या यंत्राचं मूळ काम हवेतलं पाणी काढणं हेच होतं. आज लोणावळ्याच्या बंगल्यांत पावसाळाभर चालणारी आर्द्रताशोषक यंत्रं याच घराण्यातली आहेत. दिवसाला दहा-वीस लिटर पाणी बादलीत जमा करतात. पण यंत्राला बंद घर लागतं, अखंड वीज लागते, आणि घाटमाथ्यावर वादळात पहिली जाते ती वीजच. शिवाय बादली ओतायला माणूस लागतो. कुलूपबंद घरात ती भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि ऑगस्टअखेर मालक दार उघडतो तेव्हा गादीवर, चामड्याच्या पट्ट्यावर, पुस्तकांच्या पाठींवर हिरवट-काळी पूड बसलेली असते. राखणदाराला फोनवर ‘रोज खिडक्या उघड’ म्हणून सांगितलेलं असतं. तो इमानेइतबारे उघडतोही. जुलैत उघडलेल्या खिडकीतून ढग आत येतो हे मालकाला पुण्यात बसून दिसत नाही. खिडकी उघडावी ती उघडिपीच्या दिवशी. एरवी ती बंद, आणि आत थोडी ऊब: कपाटात एक पिवळा दिवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, गाद्या उभ्या. शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत टांगला तर आज खिडकी उघडायची की नाही याचा वाद उरत नाही.

बुरशीचा प्रश्न सामानापुरता नाही, हेही आता नोंदलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूत्रं काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार जास्त होतात हा त्यांचा निष्कर्ष. चुलीच्या धुरातून सुटलेलं फुप्फुस अशा रीतीनं दुसऱ्या बाजूनं सापडतं.

आता पुन्हा त्या प्लॅस्टिकच्या कागदाकडे. पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका रासायनिक प्रयोगशाळेत अपघातानं हाती लागलं. डोंगरावरच्या बाजारात ते गवताला पर्याय म्हणून आलं त्याची कारणं साधी आहेत. गवत कापायला रान हवं, रानावर आता निर्बंध आहेत. कापणारे हात मुंबई-पुण्याला गेले. वाळलेलं गवत पेट घेतं आणि बाजारात घराला घर लागून आहे. प्लॅस्टिक शे-पाचशेत मिळतं आणि दुपारभरात ठोकून होतं. पाणी तर ते गवताहून कितीतरी चोख अडवतं. पण ते खिळ्यांनी थेट भिंतीवर ताणून बसवलं जातं. मागे पोकळी नाही, निचरा नाही. खिळ्याच्या भोकातून आणि वरच्या कडेनं शिरलेलं पाणी भिंत आणि कागद यांच्यामध्ये चार महिने बसतं, घराच्या आतून आलेली वाफही तिथंच येऊन थबकते. दिवाळीत कागद काढला की खाली काळे डाग. पुष्कळ जण आता तो काढतही नाहीत. पुढच्या वर्षी त्याच्यावरच दुसरा ठोकतात.

बाजारपेठेतल्या काही जुन्या दुकानांत अजून वेगळी रीत पाहायला मिळते. आधी भिंतीवर उभे बांबू किंवा लाकडी पट्ट्या ठोकायच्या, प्लॅस्टिक त्यांच्यावर, खालची कड जोत्यापासून सहा इंच वर मोकळी सोडायची आणि वरची कड वळचणीच्या आत घ्यायची. एका भिंतीला सात-आठ पट्ट्या लागतात. त्या पुढच्या वर्षीही कामाला येतात.